नाताळचे हिम आणि आपली गव्हाणी

ज्या प्रदेशात हिम पडत नाही, त्या प्रदेशातील ख्रिस्ती माणसाच्या नाताळात हिम आले कोठून? प्रश्न वरवर पाहता किरकोळ आहे. परंतु दर डिसेंबरात हडपसर परिसरातील घराघरांतून गव्हाणी सजते, तेव्हा गवताच्या छपरावर कापसाचे पुंजके ठेवले जातात. शुभेच्छापत्रांवर हिमाने वाकलेली सूचिपर्णी झाडे असतात. मुले पुठ्ठ्याची चांदणी कापतात आणि तिच्या कडांना पांढरा रंग लावतात. आमच्याकडे येणारे काही अन्यधर्मीय मित्र हे पाहून स्नेहानेच विचारतात, "फादर, हे बर्फ कशाला?" काहींचा सूर मात्र वेगळा असतो. तुमच्या देवाच्या जन्माला परक्या देशातील बर्फ लागते, यावरूनच तुमचा धर्म परका आहे हे दिसते, असे त्यांचे म्हणणे. आपल्यातीलही काही विचारी मंडळींना हा कापूस खटकतो. उपासनेला आणि सणांना आपल्या मातीचे रूप यावे, असा आग्रह दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) आपल्याकडे रुजला, आणि तो योग्यच आहे. तेव्हा हिम ठेवावे की झाडून टाकावे, याचा निवाडा करण्यापूर्वी इतिहासाला साक्षीला बोलावणे बरे.

प्रथम आपल्या हवामानाचा हिशोब मांडू. पुण्यात आजवर नोंदलेले सर्वांत कमी तापमान १.७ अंश सेल्सिअस आहे. १७ जानेवारी १९३५ ही त्याची तारीख. इतक्या कडाक्याच्या थंडीतही येथे हिम पडले नाही. हिम पडण्यास केवळ गारठा पुरत नाही, आकाशात ओलाव्याने भरलेले ढगही लागतात. आपला डिसेंबर निरभ्र आणि कोरडा असतो. आकाश मोकळे असते म्हणूनच रात्री जमिनीची ऊब निघून जाते आणि पहाटे शेकोट्या पेटतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात एखाद्या पहाटे दहिवर गोठते, स्ट्रॉबेरीच्या पानांवर आणि उभ्या गाड्यांच्या टपांवर पांढरा थर दिसतो. वृत्तपत्रे त्याला हिमकण म्हणतात, परंतु ते आकाशातून पडलेले हिम नव्हे. पुण्याचे हिमाशी नाते सांगायचेच तर ते एका नावापुरते आहे. १९२८ साली भारतीय हवामान खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास हलविण्यात आले, आणि शिवाजीनगरच्या त्या वास्तूला पुणेकर 'सिमला ऑफिस' म्हणू लागले. सिमल्याहून कार्यालय आले. हिम काही आले नाही.

महाराष्ट्राच्या शेतकऱ्याने शिवार पांढरे झालेले पाहिले आहे, पण ते गारांनी. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झालेली गारपीट अनेकांच्या स्मरणात असेल. हाताशी आलेला गहू, हरभरा, द्राक्षे आणि डाळिंबे त्या पांढऱ्या थराखाली गेली. म्हणून आभाळातून पडणाऱ्या बर्फाचा आनंद ही आपल्या रक्तातील भावना नव्हे. ती आपल्याकडे बाहेरून आली. ती कशी आली, हेच येथे पाहावयाचे आहे.

बायबलमधील हिम

संत मत्तय आणि संत लूक यांच्या शुभवर्तमानांत ख्रिस्तजन्माचे वर्णन आहे. त्यांत गव्हाणी आहे, बाळंते आहेत, मेंढपाळ आहेत, तारा आहे. हिमाचा शब्दही नाही. उलट मेंढपाळ रात्री उघड्या रानात आपल्या कळपावर पहारा करीत होते. तरीही हिम ही वस्तू पवित्र शास्त्राला अनोळखी आहे, असे म्हणता येणार नाही. बेथलेहेम समुद्रसपाटीपासून साधारण पावणेआठशे मीटर उंचीवर, डोंगरकण्यावर वसलेले आहे आणि तेथे काही हिवाळ्यांत खरोखरच हिम पडते. २०१३ च्या डिसेंबरात, नाताळच्या पंधरवडाभर आधी, यरुशलेम आणि बेथलेहेम ही दोन्ही नगरे दाट हिमाखाली गेली होती.

जुन्या करारात हिमाची अनेक रूपे आढळतात. स्तोत्रकर्ता देवाच्या सामर्थ्याचे गुणगान करताना हिमाला लोकरीची उपमा देतो. यशया संदेष्टा पापक्षमेची शुभ्रता हिमाने मोजतो, आणि पाऊस व हिम जशी भूमी भिजवून मगच परततात तसा देवाचा शब्द निष्फळ परतत नाही, असे सांगतो. दावीद राजाचा वीर बनाया हिमाच्या दिवशी खड्ड्यात उतरून सिंह मारतो. मक्काबींच्या पहिल्या ग्रंथात तर प्रचंड हिमवर्षावाने इतिहासाला कलाटणी दिल्याची नोंद आहे. त्रुफोन नावाचा सेनापती यरुशलेमच्या गढीत कोंडलेल्या आपल्या सैन्याच्या सुटकेसाठी घोडदळ घेऊन निघाला आणि त्याच रात्री एवढे हिम पडले, की त्याला पुढे सरकताच आले नाही. दानिएलच्या ग्रंथात भट्टीतले तीन तरुण अग्नीच्या मधोमध उभे राहून बर्फालाही आणि हिमालाही प्रभूची स्तुती करावयास बोलावतात. तो स्तुतिपाठ ख्रिस्तसभा प्रभातवंदनेत आजही म्हणते. तात्पर्य, ख्रिस्तजन्माच्या कथेत हिम नसले, तरी देवाच्या स्तवनात ते आहे.

रोमच्या टेकडीवर

हिम आणि गव्हाणी यांची पहिली गाठ ख्रिस्तसभेच्या परंपरेत पडली ती नाताळात नव्हे, ऐन उन्हाळ्यात. चौथ्या शतकात, पोप लिबेरियस यांच्या काळी, रोममधील एक निपुत्रिक श्रीमंत दांपत्य आपली मालमत्ता पवित्र मरियेला अर्पण करू इच्छीत होते. मंदिर कोठे बांधावे याची खूण तिने द्यावी, अशी त्यांची प्रार्थना होती. ऑगस्टच्या पाचव्या दिवशी पहाटे एस्क्विलीन टेकडीवर हिम पडलेले आढळले आणि तेथेच मंदिर उभे राहिले, अशी ही आख्यायिका. ती लिखित स्वरूपात आढळते ती पुष्कळ शतकांनंतर, म्हणून अभ्यासक तिला इतिहास मानीत नाहीत. आजचे भव्य महामंदिर पोप सिक्स्तुस तिसरे (४३२-४४०) यांच्या काळातील; ४३१ च्या एफेसस परिषदेने मरियेला 'देवमाता' घोषित केल्यानंतरचे. तेच सान्ता मारिया मज्जोरे. पोप फ्रान्सिस यांना एप्रिल २०२५ मध्ये तेथेच चिरविश्रांती मिळाली.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट पुढे आहे. याच महामंदिराला प्राचीन काळी 'गव्हाणीची मरिया' असेही नाव होते. कारण प्रभूच्या गव्हाणीच्या म्हणून मानल्या गेलेल्या लाकडी पट्ट्या तेथे जतन केल्या आहेत. त्यांतील एक तुकडा २०१९ च्या नोव्हेंबरात पोप फ्रान्सिस यांनी बेथलेहेमला परत पाठविला. अशा रीतीने एकाच छताखाली हिमाची आख्यायिका आणि गव्हाणीचे अवशेष नांदत आले. दरवर्षी ५ ऑगस्टला तेथे उपासनेच्या वेळी छतातून पांढऱ्या पाकळ्यांचा वर्षाव केला जातो. रोमच्या उन्हाळ्यात खरे हिम कोठून मिळणार? तेव्हा त्यांनीही पाकळ्यांचेच हिम केले. आपण कापसाचे केले, एवढाच फरक.

गव्हाणीचा देखावा लोकांत नेला तो संत फ्रान्सिस असिसीकर यांनी. १२२३ च्या नाताळात ग्रेच्चो गावी त्यांनी गवत, बैल आणि गाढव आणवून मध्यरात्रीची उपासना घडविली. त्यांचे चरित्रकार सेलानोचे थॉमस यांनी त्या रात्रीच्या आनंदाचे रसाळ वर्णन केले आहे. त्याच चरित्रकाराने या संताची हिमाशी खेळण्याची एक कथाही सांगितली आहे. सार्तेआनोच्या आश्रमात असताना संसाराचा मोह त्यांना छळू लागला. ते रात्री बाहेर बागेत गेले आणि हिमाचे सात पुतळे केले. मग स्वतःलाच म्हणाले, ही मोठी तुझी बायको, हे दोन मुलगे, या दोन मुली, हे दोघे नोकर. आता यांना कपडे आण, थंडीने मरताहेत! मोह विरघळून गेला. युरोपातील मुले हिमाचे बाहुले करतात, त्याची इतकी गोड आणि इतकी गंभीर कथा दुसरी क्वचित सापडेल. हिमात रमणे आणि दारिद्र्य पत्करणे या दोन गोष्टी त्या संताच्या ठायी एकत्र नांदत होत्या.

राय गावचे कणीस

येथवरचा इतिहास युरोपचा झाला. पण हिममातेची भक्ती आपल्या किनाऱ्यावर केव्हाच उतरली आहे. गोव्यातील सासष्टी तालुक्यात राशोल येथे सोळाव्या शतकात हिममातेच्या नावाने मंदिर उभे राहिले. सासष्टीतील ख्रिस्ती जीवनाचा आरंभ या मंदिराशी जोडलेला आहे. २५ जुलै १५८३ हा दिवस सासष्टीच्या इतिहासात रक्ताने लिहिला गेला. त्या दिवशी कुंकळ्ळी येथे धन्यवादित रुदोल्फ आक्वाविवा आणि त्यांचे सहकारी यांनी प्राणार्पण केले. त्यांचे देह याच हिममातेच्या मंदिरात पुरण्यात आले. आक्वाविवा हे त्यापूर्वी अकबर बादशहाच्या दरबारी राहून आले होते.

याच राशोलशी आपल्या भाषेचे एक भाग्य निगडित आहे. १५७९ साली लिस्बनहून निघून गोव्यास पोहोचलेले इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपले सारे आयुष्य सासष्टीत घालविले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथेच छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्यांचा तो ग्रंथ म्हणजे मराठी ख्रिस्ती साहित्याचा पाया. हिमाच्या देशात जन्मलेला हा पुरुष आयुष्याची ४० वर्षे पावसाच्या आणि भाताच्या देशात राहिला, मराठीची थोरवी ओळखून मराठीत लिहिता झाला. हिममातेच्या छायेत मराठी ओवी छापली गेली, हा योगायोग आम्हांस फार बोलका वाटतो.

हिममातेचे ते मंदिर पुढे शेजारच्या राय गावी गेले, आणि तेथे जे घडले ते अधिकच लक्षणीय आहे. ५ ऑगस्ट हा हिममातेचा सण. पण कोकणपट्टीत ऑगस्टचा आरंभ म्हणजे भर पावसाळा. भाताचे पहिले कणीस त्या सुमारास दिसू लागते. रायच्या श्रद्धावंतांनी या सणाला नव्या कणसांचा सण केला. त्या दिवशी धर्मगुरू शेतात जातात, नवी कणसे विळ्याने कापली जातात, आशीर्वादित होतात आणि मंदिरात अर्पण केली जातात. गोव्यातील 'कोणसांचे फेस्त' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सणांच्या मालिकेत रायचा मान आरंभीचा. रोममध्ये त्या दिवशी पांढऱ्या पाकळ्या पडतात, रायमध्ये हिरवी कणसे हाती येतात. नाव हिमाचे राहिले, आशय अन्नाचा झाला. यासाठी कोणी परिषद भरविली नाही, ठराव केला नाही. शेतकरी भक्तांनी आपल्या आभाळाकडे पाहिले आणि सणाला आपले धान्य दिले.

हिमाचा नाताळ आला कोठून

मग आपल्या गव्हाणीवरचे हिम कोणाचे? ते रोमचे नव्हे, गोव्याचेही नव्हे. ते बहुतांशी एकोणिसाव्या शतकातील उत्तर युरोपचे आहे. चार्ल्स डिकन्स यांचा जन्म १८१२ चा. त्यांच्या बालपणीचे दशक इंग्लंडमध्ये विशेष थंडीचे होते, आणि बालपणीच्या त्या हिमाच्छादित नाताळांनी त्यांच्या लेखणीत कायमचे घर केले, असे अनेक अभ्यासक मानतात. त्यांची नाताळकथा १८४३ साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी लंडनमध्ये हेन्री कोल यांनी पहिले छापील नाताळपत्र काढले. गंमत अशी, की त्या पहिल्या पत्रावर हिम नव्हते. मध्यभागी भोजनास बसलेले कुटुंब आणि दोन्ही बाजूंना भुकेल्यांस अन्न व उघड्यांस वस्त्र देणारी माणसे, असे ते चित्र होते. हिम नंतर आले आणि दानधर्माची चित्रे मागे पडली.

याच शतकात पुणे-नगरच्या धर्मकार्याची धुरा जर्मन येशूसंघीयांनी वाहिली. १८८६ साली पुणे धर्मप्रांताची स्थापना झाली. १९०३ साली 'निरोप्या' मासिक सुरू करणारे फादर हेन्री डोरिंग पुढे १९०७ साली पुण्याचे महागुरुस्वामी झाले. पहिल्या महायुद्धात जर्मन धर्मगुरूंना हा देश सोडावा लागला, आणि पुढे स्विस येशूसंघीय त्यांच्या जागी आले. ही सारी मंडळी हिमाच्या देशांतली. नगर जिल्ह्यातील उन्हात, दुष्काळात, बैलगाडीने गावोगाव फिरताना डिसेंबरच्या रात्री त्यांना आपल्या घरचा पांढरा नाताळ आठवला नसेल, असे कसे म्हणावे? त्यांच्या गव्हाणीतील मूर्ती आणि चित्रे युरोपातून येत. पण गव्हाणीचे छप्पर मात्र इथल्या गवताचे, कडब्याचे झाले, आणि तिच्यापुढे म्हटली गेलेली गीते मराठी झाली. हिम हे त्यांच्या घरच्या आठवणीचे होते. ते आपल्यावर कोणी लादले, असे म्हणण्यापेक्षा घरापासून दूर असलेल्या माणसांची ओढ आपल्याकडे वारसा म्हणून आली, असे म्हणणे न्यायाचे ठरेल.

अमेरिकेतही असेच घडले. पांढऱ्या नाताळाचे जगप्रसिद्ध गीत १९४१ साली लोकांपुढे आले. त्याचे रचनाकार अर्व्हिंग बर्लिन हे रशियात जन्मलेले यहुदी. त्या गीताच्या आरंभीच्या, क्वचितच गायिल्या जाणाऱ्या कडव्यात कॅलिफोर्नियातील ऊन आणि माडाची झाडे येतात. म्हणजे हिमाचे सर्वांत लोकप्रिय गीतदेखील हिम नसलेल्या ठिकाणच्या ओढीतून जन्मले, आणि महायुद्धात दूरदेशी लढणाऱ्या सैनिकांनी ते आपले केले.

हिमात गेलेली मराठी माणसे

मराठी माणसाने खरे हिम पाहिले ते बहुधा कष्टाच्या वाटेवर. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. धूर कोंडणाऱ्या शेगडीच्या खोलीत त्यांनी तिकडचे हिवाळे काढले. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. ती पाहावयास पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या होत्या. मायदेशी परतलेल्या आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने निवर्तल्या. वय पुरते बावीसही नव्हते. रमाबाई मात्र आणखी दोन हिवाळे अमेरिकेत राहिल्या. विधवांच्या शिक्षणासाठी त्या गावोगाव व्याख्याने देत फिरल्या आणि १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनमध्ये त्यांच्या कार्यासाठी संस्था स्थापन झाली. हडपसरवरून जाणाऱ्या सोलापूर रस्त्याच्या दिशेनेच पुढे केडगाव लागते. तेथील मुक्ती मिशनमागे त्या हिवाळ्यांतील पायपीट आहे. रमाबाई आपल्या कॅथलिक परंपरेतल्या नसल्या, तरी त्यांच्या श्रद्धेपुढे आपण नम्र व्हावे अशीच त्यांची योग्यता.

दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी इटलीत लढल्या. पहिली पलटण आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती. १९४३ च्या नाताळात एड्रियाटिक किनाऱ्याजवळ ओर्तोना येथे घनघोर लढाई चालू होती, आणि वर्षअखेरीस त्या आघाडीवर हिमवादळ कोसळले. साताऱ्या-कोल्हापूरच्या, नगर-रत्नागिरीच्या शेतकऱ्यांची मुले तेथे चिखलात आणि हिमात खंदक धरून होती. सांग्रो नदीकाठच्या युद्धस्मशानात दहन झालेल्या पाचशेहून अधिक भारतीय जवानांचे स्मारक आहे. संत फ्रान्सिस यांच्या देशात, हिमाच्या मुलखात, त्यांची राख मातीला मिळाली. याच पहिल्या पलटणीतील नगर जिल्ह्याचे नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी जखमी साथीदारांना वाचविल्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आणि १९८४ पासून सियाचेनच्या हिमावर आपले जवान पहारा करीत आहेत, तेथेही नाताळची रात्र येतेच.

आता काळ पालटला आहे. हडपसरच्या भाजीच्या मळ्यांच्या आणि उसाच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. येथील ख्रिस्ती कुटुंबांतील मुले जर्मनी, कॅनडा, अमेरिका येथे नोकरीशिक्षणासाठी गेली. नाताळच्या सकाळी ती दूरध्वनीच्या पडद्यावर आईवडिलांना अंगणातील गुडघाभर हिम दाखवितात. नातवंडे त्यात लोळतात, बाहुले करतात. इकडे आजी सुखावते आणि लगेच विचारते, "कानटोपी घातलीस का रे?" हा आनंद निर्मळ आहे. त्याला नावे ठेवणे आम्हांस मंजूर नाही. ज्याला लेकरू हिमात आहे, त्याच्या घरी हिम परके राहिलेले नाही.

मग आपल्या गव्हाणीवरील कापसाचे काय करावे? आमचे मत असे, की तो खुशाल राहू द्यावा. मात्र तो कापूस आहे हे विसरू नये. ज्या दिवसांत आपण गव्हाणी सजवितो, त्याच दिवसांत विदर्भात, खानदेशात, मराठवाड्यात कापसाची वेचणी चालू असते. तेथील शिवारे खरोखरच पांढरी दिसतात. महाराष्ट्राचे हिम हेच. ते काळ्या मातीत उगवते, बायाबापड्यांच्या बोटांनी बोंडातून वेचले जाते. आणि त्याच पांढऱ्या पिकापायी कर्जात बुडून यवतमाळसारख्या जिल्ह्यांत कितीतरी शेतकऱ्यांनी आपले जीवन संपविले, हेही आपणांस ठाऊक आहे. रायच्या भक्तांनी हिमाच्या सणात भाताचे कणीस ठेवले. आपल्या हाती तर कापूस आधीच आहे. आपण त्याला फक्त त्याचे खरे नाव द्यावयाचे आहे.

तेव्हा येत्या नाताळात पालकांनी मुलांना दोन्ही गोष्टी सांगाव्यात. असिसीकर संताच्या सात पुतळ्यांची आणि रोमच्या टेकडीची कथा सांगावी. आणि छपरावरचा हा पुंजका कोणत्या शेतातून आला असेल, तो वेचणाऱ्या मावशीच्या घरी नाताळच्या रात्री चूल पेटली असेल का, हेही विचारावे. वाटीत गहू पेरून त्याचे हिरवे अंकुर गव्हाणीपुढे ठेवण्याची जुनी रीत ज्या घरी आहे, तिने ती मोडू नये. आणि १८४३ च्या त्या पहिल्या नाताळपत्रावर जे होते, ते आपल्या सणातून गळू देऊ नये: भुकेल्याला घास, उघड्याला वस्त्र. गव्हाणीतील बाळाला ऊब दिली ती गवताने आणि आईच्या बाळंत्याने. तेही वस्त्रच होते. ज्याच्या अंगावर ते नाही, त्याच्यापर्यंत ते पोहोचविणे, हे हडपसरमध्येही दर हिवाळ्यात करण्याजोगे काम आहे.